निकालानंतरचे शहाणपण

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, तेव्हा यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत साऱ्या विदर्भाला आनंद होणे स्वाभाविकच होते. ज्या संघाची गणना वर्षानुवर्षे दुबळ्या संघांत होत असे, त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ या लागोपाठच्या दोन मोसमांनंतर पुन्हा एकदा देशातील ही मानाची स्पर्धा जिंकावी, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्या अंतिम सामन्याचा शांतपणे विचार करू लागले की विजयाच्या जल्लोषापेक्षा अधिक लक्षात राहतो तो पराभूत संघाच्या कर्णधाराने तिसऱ्या दिवशी मारलेला एक फटका. मोक्याच्या क्षणी घेतलेल्या निर्णयाची पारख आपण कोणत्या कसोटीवर करतो, हा त्या फटक्याने उभा केलेला प्रश्न आहे; आणि तो केवळ क्रिकेटपुरता मर्यादित नाही.

प्रथम हकीकत पाहू. विदर्भाने पहिल्या डावात दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या बळावर ३७९ धावा केल्या. रणजी स्पर्धेचा नियम असा की, बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. त्यामुळे प्रथमच अंतिम फेरीत आलेल्या केरळचे सारे लक्ष ३७९ या आकड्यावर खिळलेले होते. कर्णधार सचिन बेबी याने एक टोक सांभाळले होते. सव्वादोनशेहून अधिक चेंडू संयमाने खेळून तो ९८ धावांवर पोहोचला होता, आणि विदर्भाची धावसंख्या गाठण्यास पन्नासहून थोड्याच अधिक धावा हव्या होत्या. अशा वेळी पार्थ रेखाडे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या चेंडूवर त्याने उंच फटका मारला आणि करुण नायरने त्याचा झेल टिपला. केरळचा डाव ३४२ धावांत आटोपला. विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली, आणि करंडकाचा निकाल जवळजवळ तेथेच लागला. सामना संपल्यावर बेबीने पराभवाची जबाबदारी प्रांजळपणे स्वतःकडे घेतली.

‘इतका वेळ संयम राखून ऐन वेळी असा फटका कशासाठी?’ हा प्रश्न त्या दिवशी सामना पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आला असेल. प्रश्न रास्तच आहे. परंतु क्षणभर अशी कल्पना करा की तोच फटका, त्याच चेंडूवर, चार हात पुढे जाऊन पडला असता. षटकार गेला असता, कर्णधाराचे शतक पूर्ण झाले असते, आणि त्याच मंडळींनी त्याच्या धाडसाचे पोवाडे गायिले असते. फटका तोच, विचार तोच, धोकाही तोच. बदलला असता तो केवळ चेंडूचा शेवटचा मुक्काम. मग आपण निर्णयाची पारख करीत होतो की निकालाची?

एकाच पंधरवड्यातील दोन फटके

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. याच केरळ संघाने अंतिम फेरी कशी गाठली ते पाहावे. उपान्त्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध त्यांना पहिल्या डावात अवघ्या एका धावेची आघाडी मिळाली. त्यानंतर २१ फेब्रुवारी रोजी अहमदाबाद येथे, गुजरातविरुद्धच्या उपान्त्य सामन्याच्या पाचव्या दिवशी, केरळच्या ४५७ धावांना उत्तर देताना गुजरातची अखेरची जोडी खेळत होती. आघाडीसाठी तीन धावा हव्या होत्या. अर्झान नागवासवाला याने आदित्य सरवटेच्या चेंडूवर जोरदार फटका मारला. चेंडू जवळच उभ्या असलेल्या सलमान निझारच्या शिरस्त्राणावर आदळला, हवेत उडाला आणि स्लिपमध्ये उभ्या असलेल्या सचिन बेबीच्या हाती विसावला. गुजरात सर्वबाद ४५५. केरळ दोन धावांनी पुढे.

आता या दोन फटक्यांची तुलना करा. नागवासवाला हा अकरा जणांतील शेवटच्यांपैकी एक फलंदाज. क्षेत्ररक्षक अंगाशी आलेले, फिरकी गोलंदाजी चालू, आणि पुढच्या कोणत्याही चेंडूवर डाव संपण्याची भीती. अशा वेळी क्षेत्ररक्षकांच्या वेढ्यातून चेंडू जोराने बाहेर काढावा, एका चौकाराने प्रश्न मिटवावा, हा विचार अविचार म्हणता येत नाही. शिरस्त्राण आडवे आले नसते तर चेंडू बहुधा सीमेपार गेला असता. याउलट बेबीपाशी वेळ भरपूर होता. तिसराच दिवस होता. समोर जलज सक्सेनासारखा धावा करू शकणारा अनुभवी सोबती होता. पन्नास धावा एकेरी-दुहेरीने काढण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. म्हणजे थांबण्याची किंमत अल्प होती आणि चुकण्याची किंमत मोठी. या हिशेबाने पाहता बेबीचा निर्णय षटकार गेला असता तरी शंकास्पदच ठरला असता, आणि नागवासवालाचा निर्णय झेल गेला तरी समर्थनीयच राहतो. निकाल मात्र दोघांचा सारखाच लागला, आणि म्हणून लोकांच्या तोंडी दोघांनाही एकच शिक्षा मिळाली.

ही कसोटी आपल्या संघालाही लावली पाहिजे. अखेरच्या दिवशी विदर्भाने डाव घोषित केला नाही. ९ बाद ३७५ धावांवर सामना थांबला तेव्हा विदर्भ चारशेहून अधिक धावांनी पुढे होता. प्रेक्षकाला हे कंटाळवाणे वाटले तर त्याचा दोष नाही. परंतु आघाडी हाती असताना, केवळ अनिर्णित सामना करंडकास पुरेसा असताना, प्रतिपक्षास संधी देण्यात विदर्भाचा काय लाभ होता? कर्णधार अक्षय वाडकरचा संघ नियमाच्या चौकटीत योग्य तेच करीत होता. आक्षेप घ्यावयाचा असेल तर तो नियमावर घ्यावा. त्याचबरोबर हेही विसरता कामा नये की, दुसऱ्या डावात १३५ धावा करणाऱ्या करुण नायरचा झेल तो ३१ धावांवर असताना स्लिपमध्ये सुटला होता. आपल्या विजयात दैवाचा वाटा किती, हे विजेत्यानेही मोजावयास हवे.

शेवटचे षटक, शेवटचा चेंडू

भारतीय क्रिकेटरसिकांच्या स्मरणात अशा निर्णयांची दोन ठळक उदाहरणे आहेत. पहिले २४ सप्टेंबर २००७ चे. जोहान्सबर्ग येथे पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला अखेरच्या षटकात १३ धावा हव्या होत्या, आणि एकच गडी शिल्लक होता. हरभजनसिंगसारख्या अनुभवी गोलंदाजाचे एक षटक बाकी असताना महेंद्रसिंग धोनीने चेंडू दिला तो नवख्या जोगिंदर शर्माच्या हाती. पहिलाच चेंडू वाइड. पुढे एका चेंडूवर मिसबाह-उल-हकने षटकार खेचला. चार चेंडूंत सहा धावा हव्या असताना मिसबाहने चेंडू मागच्या बाजूस उचलला आणि श्रीशांतने तो झेलला. भारत पाच धावांनी जिंकला. धोनीच्या धीरोदात्त नेतृत्वाची आख्यायिका त्या क्षणापासून सुरू झाली.

वस्तुतः धोनीच्या निर्णयामागे कारणे होती. मिसबाहने हरभजनच्याच आधीच्या षटकात तीन षटकार ठोकले होते, आणि दोनच दिवसांपूर्वी उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धचे अखेरचे षटक जोगिंदरनेच टाकले होते. निर्णय विचारपूर्वक होता, यात शंका नाही. पण मिसबाहचा फटका थोडा अधिक उंच वा थोडा अधिक बाजूला गेला असता तर हीच कारणे कोणी ऐकून घेतली असती काय? ‘हरभजनला सोडून या पोराला चेंडू दिला’ हे एकच वाक्य मग पिढ्यान्‌पिढ्या चालले असते.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजा येथे ऑस्ट्रेलेशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेतन शर्माने फलंदाजाच्या पायाशी चेंडू टाकण्याचा प्रयत्न केला. अशा वेळी टाकावयाचा चेंडू तोच, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. पण हात किंचित चुकला, चेंडू टप्पा न पडता आला आणि जावेद मियाँदादने तो प्रेक्षकांत भिरकावला. विचार योग्य, अंमल किंचित चुकलेला, आणि निकाल भीषण. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, याच चेतन शर्माने आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. विश्वचषक स्पर्धेतील ती पहिली हॅट्ट्रिक. तरीही त्याचे नाव निघाले की लोकांना आधी शारजाच आठवते.

एक यार्डाचे अंतर

हा स्वभावदोष केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा अंतिम सामना हा राष्ट्रीय सोहळाच असतो. १ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेल्या अशा सामन्यात सिअ‍ॅटलचा संघ न्यू इंग्लंडच्या संघापेक्षा चार गुणांनी मागे होता. सामना संपण्यास अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता आणि विजयाची रेषा केवळ एक यार्डावर होती. संघात मार्शॉन लिंच हा धिप्पाड आणि धडाक्याने मुसंडी मारणारा खेळाडू होता. चेंडू त्याच्या हाती द्यावा, त्याने रेटा द्यावा आणि सामना जिंकावा, अशी साऱ्या देशाची अपेक्षा. परंतु प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या संघाने चेंडू फेकण्याचा डाव निवडला. प्रतिपक्षाच्या माल्कम बटलर या नवोदित खेळाडूने तो मध्येच पकडला, आणि सिअ‍ॅटलचा संघ २८-२४ असा हरला. इतिहासातील सर्वांत मूर्ख निर्णय, असे त्याचे वर्णन तत्काळ होऊ लागले.

पण हिशेब मांडणाऱ्यांनी हळूहळू दुसरी बाजू पुढे आणली. त्या खेळात फेकलेला चेंडू कोणी न पकडता खाली पडला तर घड्याळ थांबते; धावणारा खेळाडू अडवला गेला तर ते चालूच राहते. संघापाशी खेळ थांबविण्याची एकच सवलत उरली होती. म्हणजे आधी चेंडू फेकून पाहिल्यास उरलेल्या वेळात तीन प्रयत्न होऊ शकत होते. दोनदा लिंचवर भिस्त ठेवल्यास कदाचित दोनच. शिवाय त्या मोसमात त्या एका यार्डावरून फेकलेला एकही चेंडू तोवर प्रतिपक्षाने पकडलेला नव्हता. निर्णय सर्वोत्तम होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात. तो मूर्खपणाचा मात्र खचितच नव्हता. पोकर या पत्त्यांच्या खेळात नाव मिळविलेल्या अ‍ॅनी ड्यूक यांनी निर्णयप्रक्रियेवरील आपल्या २०१८ सालच्या पुस्तकात आरंभीच याच प्रसंगाची चर्चा केली आहे.

मानसशास्त्रज्ञांनी हा दोष प्रयोगानेही दाखविला आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांपुढे वैद्यकीय व आर्थिक निर्णयांची उदाहरणे ठेवली. माहिती तीच, धोकाही तोच. फरक एवढाच की एका उदाहरणात शस्त्रक्रियेनंतर रुग्ण वाचला आणि दुसऱ्यात दगावला. रुग्ण वाचला तेव्हा लोकांना निर्णय शहाणपणाचा वाटला, दगावला तेव्हा वाईट. आणि गंमत अशी की, निकालावरून निर्णय तोलू नये हे विचारल्यावर त्यांना मान्य होते. तत्त्व पटते, पण मन ऐकत नाही.

मराठी माणसाला याची ओळख पानिपतापासून आहे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दुपारी विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला, ही हकीकत आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. अंबारीत बसून राहणाऱ्या सेनापतीपेक्षा प्रत्यक्ष तलवार घेऊन रणात उतरणाऱ्या सेनापतीचे कौतुक आपण एरवी किती करतो! भाऊंचा जय झाला असता तर तेच उतरणे पराक्रमाचा कळस ठरले असते. पराभव झाला, म्हणून ती चूक ठरली.

मैदानाबाहेरचे पंच

खेळात या सवयीने फारसे बिघडत नाही. खेळाडूला मानधन असते, पुढचा सामना असतो, आणि चाहत्यांना वाद घालण्याचा आनंद मिळतो. परंतु हीच नजर आपण जेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जीवनावर रोखतो तेव्हा ती क्रूर होते. आणि यवतमाळ जिल्ह्याइतका याचा अनुभव दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला असणार?

मृगाचा पहिला पाऊस पडला की कोरडवाहू शेतकऱ्यापुढे पेचप्रसंग उभा राहतो. पेरावे की थांबावे? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. परंतु पाऊस मोजला जातो तो महसूल मंडळाच्या ठिकाणी. आपल्या शिवारात किती पडला हे ज्याचे त्याने ओल पाहून ताडावयाचे. थांबल्यास पेरणी लांबते आणि उत्पन्न घटते. पेरल्यावर पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर बियाणे करपते आणि दुबार पेरणी नशिबी येते. पाऊस आला तर ‘अनुभवी माणूस’, नाही आला तर ‘उतावळा’. आभाळाने केलेली चूक माणसाच्या नावावर लिहिली जाते.

कापसाच्या विक्रीचेही तसेच. २०२१-२२ च्या हंगामात ज्यांनी कापूस लगेच न विकता घरात राखला, त्यांना पुढे क्विंटलला दहा हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला, आणि गावाने त्यांना शहाणे म्हटले. पुढच्या, म्हणजे २०२२-२३ च्या हंगामात तोच अनुभव गाठीशी बांधून अनेकांनी कापूस पुन्हा राखला. भाव चढण्याऐवजी आठ हजारांच्याही खाली घसरला, आणि तेच शेतकरी लोभी ठरले. जागतिक बाजारातील उलाढालींचा अंदाज मोठमोठ्या व्यापाऱ्यांना येत नाही, तो कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या कास्तकाराला यावा, ही अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशभर ओळखला जाऊ लागला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले त्यांत यवतमाळ होता. त्या दुःखाची कारणे अनेक आहेत: सिंचनाचा अभाव, कर्ज, अनिश्चित भाव. ती सारी गावाच्या हाती नाहीत. पण नुकसान झालेल्या माणसाच्या पदरी ‘तुझेच चुकले’ हा शेरा टाकावयाचा की नाही, एवढे तरी आपल्या हाती आहे. जो आधीच खचला आहे त्याला निकालानंतरचे शहाणपण ऐकविणे हे सल्ला देणे नव्हे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. निकाल पाहावयाचा नाही, तर जबाबदारी कोणावर टाकावयाची? उद्या प्रत्येक अधिकारी, प्रत्येक पुढारी, प्रत्येक प्रशिक्षक म्हणेल की, विचार योग्य होता, दैव आडवे आले. आक्षेप खरा आहे. म्हणूनच जबाबदारी आणि पारख या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या पाहिजेत. जबाबदारी निकालाचीही असते. सचिन बेबीने ती स्वीकारली, ते उचितच झाले. परंतु निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे ठरविताना विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. त्या क्षणी त्या माणसाला काय ठाऊक होते, किंवा सहज ठाऊक होऊ शकत होते? त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते? प्रत्येक मार्गात मिळण्यासारखे किती आणि गमावण्यासारखे किती होते? या प्रश्नांपासून बेफिकीर माणूस सुटत नाही. उलट निकाल चांगला लागला म्हणून जो आज सुटतो आहे, तोही त्यांत सापडतो. ज्याने कसलाही विचार न करता उडी घेतली आणि केवळ नशिबाने तरला, त्याचे अनुकरण करणारे दहा जण उद्या बुडतील.

शिक्षकांना याचा विशेष विचार करण्याजोगा आहे. गणित सोडविताना पद्धत बरोबर आणि उत्तर चुकीचे असेल तर आपण काही गुण देतो. उत्तर बरोबर आणि पद्धत चुकीची असेल तर वहीवर लाल रेघ ओढतो. वर्गातील हा न्याय वर्गाबाहेर पडताच आपण विसरतो. एखाद्या विद्यार्थ्याने विचारपूर्वक निवडलेल्या अभ्यासक्रमात त्याला अपयश आले की त्याची निवडच चुकली असे म्हणून मोकळे होतो, आणि चिठ्ठी टाकावी तसा निवडलेला दुसरा यशस्वी झाला की त्याच्या दूरदृष्टीचे दाखले देतो. मुलांना यातून एकच धडा मिळतो: विचार कसा केला याला किंमत नाही, बाजी लागली की झाले.

सामन्यांवरचे वाद बंद व्हावेत असे कोणीही म्हणणार नाही. अमुक वेळी तमुकाला गोलंदाजी का दिली, हा वाद म्हणजे सामान्य माणसाने निर्णयशास्त्राचा केलेला अभ्यासच असतो, आणि त्यासाठी खेळाइतके निरुपद्रवी क्षेत्र दुसरे नाही. फक्त तो वाद निकालाचा आकडा क्षणभर झाकून ठेवून घालावा. चेंडू हवेत आहे, झेल अजून घेतला गेलेला नाही, अशा क्षणी उभे राहून आपले मत ठरवावे. मैदानावरील निर्णयाकडे असे पाहण्याची सवय लागली, तर पुढच्या जून महिन्यात ओल पाहून तिफण जुंपणाऱ्या शेजाऱ्याकडेही आपण त्याच नजरेने पाहू शकू.